कुंपणावरच्या सरड्यांची हंगामी नोंद : पद्धत, अडचणी, शंका

आडवाट (धागाकर्ता)

पक्ष्यांच्या याद्या ठेवणारे पैशाला पासरी, फुलपाखरंवालेही भरपूर. सरड्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही, कारण तो रोज दिसतो. नोंदींसाठी हीच सोय आहे. शोधत हिंडावं लागत नाही, जागा तो सहसा सोडत नाही आणि त्याचं सगळं दिवसाढवळ्या चालतं. हा धागा नेहमीच्या सरड्याबद्दल, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलरबद्दल. आपल्याकडे मे ते ऑक्टोबर त्याची वीण चालते. तेवढा काळ नीट टिपला तरी पुष्कळ.

वाट एकच ठरवा, २०० ते ३०० मीटरची. कुंपण, झुडपं, गडगा किंवा भिंत सलग हवी. दोन्ही बाजूंना ३ मीटरच्या आत दिसतील तेवढेच मोजा. पलीकडचे घेतले तर विरळ झाडीत आकडा फुगतो आणि गर्द झाडीत पडतो, मग दोन वाटांची तुलना करता येत नाही. मिनिटाला साधारण १० मीटर चाला. परतताना मोजू नका.

भिंतीवर ऊन येऊन अर्धा-पाऊण तास झाला की निघायचं. मेमध्ये साडेसात ते दहा, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा. एकही दिसला नाही तरी शून्य लिहा आणि पुढे आकाशाची स्थिती लिहा. ढगाळ दिवसाचं शून्य आणि कडक उन्हातलं शून्य यांचा अर्थ अगदी वेगळा असतो.

दर सरड्यामागे हे हवं : वेळ, कशावर बसलाय, जमिनीपासून उंची, ऊन की सावली, तोंड वर की खाली, नर-मादी-पिल्लू आणि रंग. रंग लिहिताना डोकं, गळा आणि पाठ वेगवेगळी लिहा. नुसतं 'लाल सरडा' लिहिलं की नोंद वाया. आणि रंग लिहायचा तो पहिल्या नजरेतला. त्याने आपल्याला पाहिलं, फांदीमागे सरकला, की पुढच्या मिनिटभरात तो वेगळाच दिसू शकतो.

गडगा

पद्धत चांगली आहे. नर-मादी ओळखण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण नोंदी सगळ्यात जास्त तिथेच बिघडतात.

लाल तो नर आणि तपकिरी ती मादी, हा हिशेब जूनमध्येही फसतो. विणीच्या ऐन हंगामात हरलेला किंवा गारठलेला नर मळकट तपकिरी दिसतो. त्याऐवजी शेपटीचं बूड बघा. नराचं बूड फुगीर असतं आणि गाल भरलेले असतात. मानेपासून पाठीवर जाणारा काट्यांचा तुरा त्याचा जास्त उंच. मादी सडपातळ, पुष्कळदा पाठीच्या दोन्ही कडांना फिकट पट्टे असलेली. पोट दोन्ही बाजूंना गाठीगाठींनी फुगलेलं असेल तर अंडी आहेत. पूर्ण वाढ न झालेले सरडे 'अनिश्चित' या रकान्यात टाका, अंदाजाने नर-मादी करू नका.

जात पक्की करायची खूण कानाजवळ आहे. कानाच्या पडद्याच्या वर छोट्या काट्यांचे दोन वेगवेगळे पुंजके दिसतात. दुर्बिणीतून ४-५ मीटरवरून सहज कळतात. पाठीवरचे खवले मागे आणि वर वळलेले, कौलं रचल्यासारखे. घोयरा सरडा (कॅमेलिऑन) वेगळा : त्याचे डोळे बुबुळापुरती फट ठेवून खवल्यांनी झाकलेले आणि दोन्ही स्वतंत्र फिरणारे, बोटं चिमट्यासारखी जुळलेली, शेपटी गुंडाळणारी. आणि सापसुरळी गुळगुळीत, चकचकीत, सहसा जमिनीवरच. तिला सरड्यांत मोजलेल्या याद्याही पाहण्यात आहेत!

उन्हाळी_नागपूर

साडेसात ते दहा ही वेळ पुण्या-साताऱ्याला ठीक. विदर्भात मेच्या शेवटी नऊनंतर वाटेवर गेलात तर कुंपण रिकामंच सापडणार. इकडे सरड्याच्या दिवसाचे दोन तुकडे पडतात : सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर दिवेलागणीपर्यंत. मधल्या वेळात तो असतो, पण खोडाच्या सावलीच्या बाजूला, पानोळ्यात किंवा ढोलीत. सूर्य सरकेल तसा तोही खोडाभोवती सरकतो, त्यामुळे खोडाची एकच बाजू बघणाऱ्याला दिसत नाही. घड्याळाची वेळ सगळ्यांना सारखी न ठेवता 'सूर्योदयानंतर किती मिनिटं' असा रकाना ठेवा, म्हणजे कोकण आणि विदर्भ एका तक्त्यात बसतील.

पाऊस लागला की दुपारचा हा खाडा कमी होतो, मग तुमचीच वेळ चालेल.

तापमापी

तापमानाची नोंद कुणी सुचवली नाही अजून. सुचवायच्या आधीच सांगतो, कारण बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारी ती इन्फ्रारेड बंदूक घेऊन लोक सरड्याच्या अंगावर नेम धरतात आणि ३८.४ असं दशांशासकट लिहून मोकळे होतात.

बंदुकीवर १२:१ असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ १२ सेंमी अंतरावरून ती १ सेंमी व्यासाचं वर्तुळ मोजते. १ मीटरवरून तेच वर्तुळ ८ सेंमीच्या वर जातं. सरड्याचं धड रुंदीला दोन-तीन सेंमी. म्हणजे तुम्ही मोजताय ती भिंत, मध्ये थोडासा सरडा. लाल ठिपका त्याच्या पाठीवर पडतो म्हणून फसू नका, ठिपका फक्त नेम दाखवतो. खरं माप हवं तर २०-२५ सेंमीपर्यंत जावं लागेल आणि तितक्यात तो पसार होतो.

म्हणून सरडा मोजूच नका. तो निघून गेल्यावर ज्या जागी बसला होता ती जागा १५ सेंमीवरून मोजा, मग एक हात बाजूची सावलीतली जागा मोजा. हे दोन आकडे शेजारी असले की त्याने ऊन निवडलं की टाळलं, ते कळतं. एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो, त्याची बंदुकीवरची सेटिंग) ०.९५ वर ठेवा. पत्रा, स्टीलचा नळ, चकचकीत रंगाचं फाटक यांवरचे आकडे धरू नका, ते साफ चुकीचे येतात.

आडवाट

@उन्हाळी_नागपूर, सूर्योदयापासूनची मिनिटं एकदम मान्य. @तापमापी, 'जागेचं तापमान' आणि 'बाजूच्या सावलीचं तापमान' असे दोन रकाने वाढवतो.

निवडुंग

रंग 'पहिल्या नजरेतला' का, हे जरा खोलात सांगायला हवं. नाहीतर लोक परत 'लपण्यासाठी रंग बदलतो' इथेच येणार.

सरड्याच्या कातडीत गडद रंगद्रव्याच्या पेशी असतात. द्रव्य पेशीत पसरलं की अंग काळपट, गोळा झालं की फिकट. सकाळी गार असताना तो गडद होतो, पाठ उन्हाकडे चपटी करतो आणि ऊन पटकन शोषतो. तापला की फिकट. बदलाचा एक मोठा भाग एवढाच आहे, हवामानाचा. दुसरा भाग बोलण्याचा. विणीच्या काळात नर वरच्या टोकाला बसतो, पुढच्या पायांवर जोर काढतो, मान वरखाली हलवतो, गळ्याची पिशवी ताणतो. डोकं, मान आणि खांदे शेंदरीपासून थेट रक्तासारखे लाल होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उठून दिसतो. समोर दुसरा नर आला तर हे सगळं चढतं. जो हरतो त्याचा लाल उतरतो आणि तो खाली सटकतो. त्या लाल डोक्यापायी बिचाऱ्याला 'रक्त पिणारा' अशी इंग्रजीत नावं पडली, आणि आपल्याकडे पोरांचे दगड खावे लागतात.

लपणं आहेच, पण ते बसण्याच्या जागेच्या निवडीतून जास्त आणि रंगातून कमी. धोका दिसला की तो रंग बदलत बसत नाही, फांदीची दुसरी बाजू पकडतो आणि अंग फांदीला चिकटवतो.

गडगा

@निवडुंग, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. वाळक्या कुंपणावर पिल्लं आणि माद्या ज्या पद्धतीने मिसळून जातात त्यात रंगाचा वाटा मोठा आहे. तुमचं म्हणणं विणीतल्या मोठ्या नराला लागू पडतं. तो दिसण्यासाठीच बसलेला असतो आणि त्याची किंमतही मोजतो. शिक्रा, भारद्वाज, खंड्या, खाटीक, सगळ्यांच्या नजरेत पहिला तोच येतो. झुडपात हरणटोळ असतेच.

निवडुंग

पिल्लांपुरतं मान्य. नरांबद्दल आपण एकच बोलतोय.

काळी_माती

जून-जुलैत बागकाम करताना अंडी निघतात आणि लोक ती सापाची समजून फेकतात. म्हणून सविस्तर लिहिते.

मादी पाऊस पडून माती मऊ झाल्यावर खाली उतरते. ऊन लागणारी, पाणी न तुंबणारी, गवत नसलेली जागा निवडते. पुढच्या पायांनी आणि तोंडाने तिरका खड्डा खणते, वळून अंडी घालते, माती लोटते आणि नाकाडाने ठोकून दाबते. हे सगळं चालू असताना ती सहसा पळत नाही. कुत्रा-मांजर आणि गाडी यांच्या तावडीत ती सापडते ती बहुतेक तेव्हाच. पाऊस लांबला तर ती अंडी पोटातच धरून ठेवते, त्यामुळे वळीव हुकलेल्या वर्षी जुलैतही तट्ट फुगलेल्या माद्या दिसल्या तर नवल नाही. एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालते.

एका खड्ड्यात साधारण १० ते २० अंडी. पांढरी, लांबट, सुमारे १ सेंमीची, कवच चामड्यासारखं मऊ. पालीची अंडी गोलसर, कडक कवचाची आणि भिंतीच्या फटीत किंवा कपाटामागे एक-दोनच असतात, त्यामुळे घोळ व्हायचं कारण नाही. सरड्याची अंडी मातीतला ओलावा शोषून फुगत जातात, तेव्हा मोठी दिसली म्हणजे सापाची असं नाही.

खणताना निघालीच तर सगळ्यात चांगलं म्हणजे तीच माती परत लोटून खड्डा सोडून द्या. तिथे पायाच भरायचा असेल तर :

मऊ शिसपेन्सिलने प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला बारीक टिंब करा. अंडं उलटंपालटं करायचं नाही. घातल्यावर थोड्याच काळात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढायला लागतो, अंडं फिरलं तर तो मरू शकतो. चमच्याने मातीसकट उचला. नवा खड्डा ५ ते ७ सेंमी खोल, पहिल्यासारख्याच उन्हाच्या जागी. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. काळी चिकण माती असेल तर निम्मी वाळू मिसळा. टिंब वर ठेवून अंडी मांडा, सैल माती घाला, वर दगड ठेवू नका. रोज पाणी घालायचं नाही. हौसेने पाणी घातल्यानेच जास्त अंडी सडतात. दीड ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात, उष्णतेप्रमाणे पुढेमागे. त्यांना खाऊ घालायची गरज नसते, ती पहिल्या दिवसापासून मुंग्या-माश्यांवर निघतात.

घरात बरणीत अंडी उबवू नका. कारण पुढच्या प्रतिसादात कुणीतरी सांगेलच.

सीमेपलीकडचा

सांगतो :) या सरड्यात नर-मादी वेगळे ओळखता येतील अशी लिंगगुणसूत्रं दिसत नाहीत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शानभाग, सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या उबवणीच्या प्रयोगांत तापमान चढवत नेलं तसा पिल्लांचा कल आधी मादी, मग नर, पुन्हा मादी, पुन्हा नर असा उलटसुलट गेला. कासवांत किंवा मगरीत जे साधे नमुने माहीत आहेत त्यापेक्षा हे गुंतागुंतीचं. म्हणजे फ्रीजशेजारी किंवा पत्र्याखाली ठेवलेली बरणी सगळी पिल्लं एकाच लिंगाची काढू शकते. जमिनीत तसं होत नाही, कारण दिवस-रात्र आणि पाऊस-उघडीप यांत तापमान खालीवर होत राहतं. सावलीतला खड्डा उन्हात किंवा उन्हातला सावलीत हलवणंही याच कारणाने टाळावं.

नावाबद्दल अवांतर : 'व्हर्सिकलर' या एका नावाखाली अफगाणिस्तानापासून आग्नेय आशियापर्यंतचे सरडे घातले होते. २०२१च्या फेरतपासणीत त्यातून अनेक जाती वेगळ्या निघाल्या. पाकिस्तान-अफगाणिस्तानकडचा आता फारूकी म्हणून वेगळा धरतात. मूळ वर्णन १८०२ सालचं, मूळ ठिकाण पुदुच्चेरीकडचं धरतात. नोंद करणाऱ्याने फोटोसोबत ठिकाण पक्कं लिहिलं म्हणजे झालं, उद्या नाव बदललं तरी नोंद वाया जात नाही.

समुद्रापार

इथे सिंगापुरात याच गटातला सरडा १९८०च्या दशकात उत्तरेकडून आला आणि बागा-रस्त्यांच्या कडेचा मूळचा हिरवा सरडा जंगलापुरता उरला. मॉरिशसमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी उसाच्या बेण्यातून पोचला असं म्हणतात. तुमच्याकडचा गरीब बिचारा इकडे दांडगाई करतो, एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

माळरान

पठारावर नोंद करणाऱ्यांनी सड्यावरचे (उघड्या कातळावरचे) सरडे वेगळे मोजावेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर दिसतो तो गळ्याला निळा-काळा-शेंदरी पंखा असलेला सराडा सुपर्बा, २०१६ साली वर्णन झालेला. तो दगडावर बसतो, कुंपणावर नाही, आणि त्याचा ऐन हंगाम पावसाच्या आधीचा, एप्रिल ते जून.

त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या परिणामावर भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ साली आला. पवनचक्क्या असलेल्या भागात तीसा, कापशीसारखे शिकारी पक्षी, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळपास चौपटीने कमी. परिणाम सरड्यांवर उतरला : संख्या वाढली, अंगातली ताणाची संप्रेरकं घटली, माणसाला बरंच जवळ येऊ देऊ लागले. पण गर्दीमुळे खाण्याची चणचण, म्हणून अंगाने हडकुळे आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके. 'सरडे वाढले म्हणजे परिसर सुधारला' असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

याच धर्तीवर कुंपणाच्या सरड्याचं पळण्याचं अंतर मोजता येतं, खर्च शून्य. सरडा दिसला की जिथे आहात तिथे खडा टाका. त्याच्याकडे सरळ, एकाच चालीने, साधारण सेकंदाला अर्धा मीटर चालत जा. तो हलला त्या क्षणी दुसरा खडा टाका. त्याच्या मूळ जागेपासून दुसऱ्या खड्यापर्यंत टेपने मोजा. पहिल्या खड्याचं अंतरही लिहा, कारण लांबून निघालं तर तो लांबूनच पळतो. आकडे बिघडतात ते तिरकं चालल्याने, मध्येच थांबून फोटो काढल्याने, सावली त्याच्या अंगावर पडल्याने आणि त्याच सरड्याला त्याच दिवशी दोनदा मोजल्याने. दर खेपेला माणूस आणि शक्यतो शर्टही तोच ठेवा.

आडवाट

'त्याच सरड्याला दोनदा' यावरून : एकेक सरडा ओळखायचा कसा? रंगीत खुणा करणं मला पटत नाही.

गडगा

खुणा नकोतच. नेलपॉलिश लावणारे लोक आहेत, पण ते पक्ष्यांनाही दिसतं आणि कात टाकली की जातं.

फोटो पुरतो. उजव्या आणि डाव्या गालाचा एकेक, बाजूने, डोळा आणि कान दोन्ही येतील असा. डोळ्यापासून निघणाऱ्या काळ्या रेघांची संख्या आणि फाटे, कानावरच्या दोन पुंजक्यांतल्या काट्यांची संख्या, ओठावरच्या खवल्यांतली एखादी फाटलेली जागा, एवढ्यावर २०-२५ सरड्यांची वाट निभावते. पाठीवरचे पट्टे रंगासोबत दिसेनासे होतात, त्यावर विसंबू नका.

तुटकी शेपटी मात्र हुकमी खूण. पालीसारखी ती सोडून पळायची आणि नवी वाढवायची सोय या सरड्याला नाही. तुटली ती बोथट टोकासकट कायमची. शेपटी एकूण लांबीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त, चढताना तोल तीच सांभाळते. म्हणून शेपटीला धरून उचलण्याचा आचरटपणा करू नये.

रात्रपाळी

दिवसाची मोजणी कमीच येते. खरा आकडा रात्री. सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी निघा. सरडा तेव्हा झुडपाच्या बाहेरच्या कडेला, बारीक डहाळीच्या टोकाकडे, अंग लांबवून, डोळे मिटून झोपलेला असतो. टोकाकडे झोपण्यात त्याचा फायदा म्हणजे साप किंवा मांजर आलं तर डहाळी हलते आणि तो खाली उडी टाकतो. झोपेत रंग फिकट पडतो, त्यामुळे हिरव्या पानांत पांढुरका दिसतो.

विजेरी डोळ्याच्या रेषेत, कानशिलाशी धरा. कमरेजवळ धरली तर पानांच्या सावल्या पडतात आणि फिकट पोट दिसत नाही. २००-३०० ल्युमेनचा उजेड पुरे. झोत अंगावर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्लॅशचा फोटो एकच. डहाळीला धक्का लागला तर तो खाली पडतो आणि गारठलेल्या अंगाने रात्रभर जमिनीवर राहतो, तिथे त्याचं काही खरं नसतं. भर पावसात जाऊ नका. ओली पानं इतकी चमकतात की निम्मे सुटतात. पायात बूट आणि सोबत दुसरा माणूस हवाच. नजर वर आणि पाऊल फुरशावर, असं नको.

उन्हाळी_नागपूर

एक व्यवहाराचं. भाजीच्या वाफ्यांवर आणि बाल्कनीत नायलॉनची पक्षी-जाळी लावतात, त्यात सरडे मानेत अडकतात. खवले मागे वळलेले, त्यामुळे डोकं पुढे जातं आणि मागे ओढलं की धागा खवल्यांखाली रुततो. ओढू नका. डोक्यावर फडकं टाका म्हणजे तो शांत राहतो आणि चावतही नाही. चावला तरी विष नाही, फक्त पकड घट्ट. नखं कापायच्या बारीक कात्रीने आधी मानेजवळचा, मग काखेतला धागा, एकेक करून कापा. उंदरांच्या चिकटपट्टीला चिकटला असेल तर खायचं तेल कापसाने कडेकडेने सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बोटाने हलकेच मोकळा करा. रॉकेल, थिनर अजिबात नको. सुटल्यावर तेल मऊ फडक्याने टिपून सावलीतल्या झुडपाशी सोडा.

काळी_माती

सोसायटीवाल्यांसाठी दोन गोष्टी. कंपाउंडच्या कडेने सगळीकडे पेव्हर ब्लॉक ठोकले की मादीला खणायला जागाच उरत नाही. झुडपं कितीही राखा, दोन-तीन वर्षांत पिल्लं दिसायची थांबतात. झुडपाला लागून अर्धा मीटर चौरस, ऊन येणारी मोकळी माती सोडली तरी भागतं. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओतलेली पट्टी त्यातून वगळा. आणि उन्हाळ्यात पाण्याची वाटी ठेवून उपयोग नाही, तो साचलेलं पाणी सहसा पीत नाही. सकाळी झुडपावर पाण्याचा फवारा मारा, पानांवरचे थेंब तो चाटतो.

आडवाट

तक्त्याचे रकाने आता असे : तारीख, सूर्योदयापासून मिनिटं, आकाश, वाटेवरचं अंतर, बसायची जागा, उंची, ऊन/सावली, तोंडाची दिशा, नर/मादी/अनिश्चित/पिल्लू, डोक्याचा-गळ्याचा-पाठीचा रंग, जागेचं आणि सावलीचं तापमान, पळण्याची दोन्ही अंतरं, गालाच्या फोटोचा क्रमांक. रात्रीच्या मोजणीचा कागद वेगळा ठेवायचा, दिवसाच्या आकड्यात मिळवायचा नाही.

तापमापी

पाऊस किती मिलिमीटर आणि शेवटचा पाऊस होऊन किती दिवस, हे दोन रकाने राहिले. काळी_माती ताईंनी लिहिलंय ते अंड्यांचं गणित त्याशिवाय लागणार नाही.

आडवाट

घातले.